खोका उलगडताना: सहा चौकोन, तीन जोड्या

मागच्या वेळच्या काडेपेटीच्या कोड्यांनी बऱ्याच घरांतल्या काड्या संपल्या असतील. या वेळी काड्या नकोत. एक जुनी लग्नपत्रिका, कात्री आणि पेन्सिल घेऊन बसा. पत्रिका जाड कागदाची असेल तर उत्तमच.

आमचं गाव कोहका. भिलाईतल्या या वस्तीचं नाव मराठी पाहुण्यांना सांगितलं की ते हमखास ‘खोका’ ऐकतात. आता आम्ही त्यांची चूक दुरुस्त करत नाही. आजचा विषय मात्र खरोखरच खोका आहे.

आमच्या गल्लीत एक मराठी कुटुंब राहतं. घरातल्या बाई ब्लाउज आणि फ्रॉक शिवतात. मुलगी सरकारी शाळेत आठवीला आहे. दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती वही घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, “मावशी, हे खोक्याचे प्रश्न मी सोडूनच देणार आहे. मला ते दिसतच नाहीत.”

ती एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करत होती. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतली आठवीची मुलं ही परीक्षा देतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असावं लागतं. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे होतात ४८,०००. ज्या घरात शिलाईच्या पैशांतून वह्या-पुस्तकं येतात, तिथे ही रक्कम लहान नाही. बुद्धिमत्ता चाचणीच्या पेपरात ९० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम एक मिनिट. त्यात काही प्रश्न असे असतात: कागदावर सहा चौकोनांची एक आकृती काढलेली असते. ती घडी घालून खोका केला तर खालच्या चारपैकी कोणता तयार होईल?

तिच्या शिकवणीत सांगितलं होतं, “ज्यांना दिसतं त्यांना दिसतं, बाकीच्यांनी वेळ घालवू नये.” मागून आलेली तिची आईही म्हणाली, “ताई, माझ्यावरच गेलीय. मलाही गणितातलं काही दिसत नाही.”

बोलताना बाईंच्या खांद्यावर मोजपट्टी होती. ती लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आधी हातात, मग डोळ्यांसमोर

अशा उलगडलेल्या आकृतीला बालभारतीच्या पुस्तकात सुंदर शब्द आहे: घडण. पाचवीच्या गणितात ‘त्रिमितीय वस्तू आणि घडणी’ नावाचं प्रकरणच आहे. आमच्याकडच्या हिंदी पुस्तकांत तिला ‘जाल’ म्हणतात. मला घडण जास्त आवडते, कारण त्या शब्दात घडीही आहे आणि घडवणंही.

घरात औषधाचं किंवा टूथपेस्टचं रिकामं खोकं असेल तर ते फाडू नका, जोडलेल्या जागा अलगद सोडवून सपाट करा. तीच त्याची घडण. मिठाईच्या दुकानात तर असे सपाट पुठ्ठे थप्पीने रचलेले असतात, आणि काउंटरवरचा मुलगा बोलता बोलता दोन सेकंदांत त्याचा डबा करतो. भिलाई पोलादाचं गाव असल्याने हेच काम इथे पत्र्यातही चालतं. वर्कशॉपमध्ये पत्रा कापण्याआधी त्यावर उलगडलेला आकार आखतात. आयटीआयच्या ड्रॉइंगमध्ये त्याला ‘डेव्हलपमेंट’ म्हणतात.

आपण सगळ्यात सोपा खोका घेऊ, घन. लुडोच्या फाशासारखा. त्याला सहा पृष्ठं, बारा कडा, आठ कोपरे.

आता एक प्रश्न. बंद घन एकाच तुकड्यात सपाट करायचा असेल तर किती कडा कापाव्या लागतील?

उत्तर आहे सात. कुठूनही कापा, सातच. कारण साधं आहे. सहा चौकोन एकमेकांना धरून राहायला पाच जोड लागतात. (सहा माणसांनी रांगेत हात धरले तर हातांच्या जोड्या पाचच होतात ना, तसं.) बारा कडांपैकी पाच शाबूत राहिल्या, म्हणजे सात कापल्या. कापलेली प्रत्येक कड दोन चौकोनांच्या काठावर दिसते, म्हणून घनाच्या कुठल्याही घडणीचा बाहेरचा काठ १४ बाजूंचा असतो. मोजून पाहा.

मी हे सांगत होते तेव्हा बाई मध्येच म्हणाल्या, “म्हणजे कापडाची चौकोनी उशी एका तुकड्यात बेतली तर सात शिवणी.” मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. त्यांनी हिशोब केला नव्हता. त्यांना शिवणी दिसल्या होत्या.

घडणी किती?

सहा सारखे चौकोन कडेला कड लावून जोडायचे. फिरवून किंवा उलटवून सारखे होणारे आकार एकच धरायचे. असे एकूण ३५ आकार होतात. त्यांपैकी घन होतो फक्त ११ आकारांचा. हे अकरा पाठ करायची गरज नाही, चार घराण्यांत ते नीट बसतात:

पहिलं घराणं, १–४–१: चार चौकोनांची सरळ रांग, एक चौकोन रांगेच्या वर, एक खाली. वरचा आणि खालचा कुठेही चालतो. याचे ६ प्रकार.

दुसरं, २–३–१: मध्ये तिघांची रांग, तिच्या एका टोकावर दोघांची रांग पायरीसारखी बाहेर सरकलेली, दुसऱ्या बाजूला एक चौकोन. याचे ३ प्रकार.

तिसरं, २–२–२: दोन-दोनच्या तीन पायऱ्या. प्रकार १.

चौथं, ३–३: तीन-तीनच्या दोन रांगा, टोकाला टोक लागून पायरी झालेली. प्रकार १.

सहा, तीन, एक, एक: झाले अकरा.

लहान मुलं असतील तर त्यांना हे अकरा लग्नपत्रिकेतून कापायला द्या. तीन सेंटिमीटरचा चौकोन हाताला बरा पडतो. घड्या घालण्याआधी पट्टी लावून, शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या, म्हणजे कड सरळ मुडपते.

जोडी लावा

आता परीक्षेची युक्ती. आख्खा खोका डोळ्यांसमोर आणायची गरजच नसते. समोरासमोरच्या जोड्या तेवढ्या शोधायच्या. घनाला सहा पृष्ठं म्हणजे तीन जोड्या: वर–खाली, पुढे–मागे, डावी–उजवी. त्यासाठी दोनच नियम पुरतात.

नियम पहिला: एक सोडून एक. सरळ रांगेत ज्या दोन चौकोनांमध्ये नेमका एक चौकोन आहे, ते खोक्यात समोरासमोर येतात. १, २, ३, ४ अशी रांग असेल तर १ समोर ३ आणि २ समोर ४.

नियम दुसरा: पट्टीच्या दोन बाजूंचे कान. दोन, तीन किंवा चार चौकोनांची सरळ पट्टी घ्या. तिच्या एका बाजूला एक चौकोन चिकटलेला आहे आणि दुसऱ्या बाजूला एक. हे दोन कान नेहमी समोरासमोर येतात, मग ते पट्टीवर कुठेही असोत.

या दोन नियमांनी अकराही घडणींतल्या तिन्ही जोड्या लागतात. आणि ज्या आकारात एखाद्या चौकोनाला दोन-दोन जोडीदार मिळतात, तो आकार घन होऊच शकत नाही. दोन चौकोन एकमेकांवर बसतील आणि एक बाजू उघडी राहील. याशिवाय तीन गोष्टी नजरेला पडल्या की आकार लगेच बाद करा: पाच चौकोनांची सरळ रांग, चार चौकोनांचा दोन बाय दोन गठ्ठा, आणि पट्टीच्या एकाच बाजूला दोन कान.

दोन बाय दोन गठ्ठा का चालत नाही, हे मुलांना विचारा. घनाच्या कोपऱ्यावर तीनच चौकोन भेटतात. चौघं भेटले की कागद सपाटच राहतो, मुडपायला जागाच उरत नाही.

मुलीचा प्रश्न

आता तिच्या वहीतला प्रश्न. रांगेत डावीकडून क, ख, ग, घ. ख च्या वर च. ग च्या खाली छ. खोका केल्यावर तीन पृष्ठं दिसतात: वरचं, समोरचं आणि उजवीकडचं. पर्याय असे:

१) वर क, समोर ग, उजवीकडे च.
२) वर च, समोर ख, उजवीकडे छ.
३) वर च, समोर ख, उजवीकडे ग.
४) वर च, समोर ग, उजवीकडे ख.

जोड्या लावू. क–ग, ख–घ (नियम पहिला). च–छ (नियम दुसरा). समोरासमोरची दोन पृष्ठं एका वेळी दिसूच शकत नाहीत. फासा टेबलावर ठेवून कसंही पाहा, एक आणि सहा एकत्र दिसणार नाहीत. म्हणून पहिला पर्याय बाद, त्यात क आणि ग दोन्ही आहेत. दुसराही बाद, त्यात च आणि छ आहेत. हे करायला मुलीला पंधरा सेकंद लागली. तिचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. “तीन आणि चार तर सारखेच आहेत. दोन्हीकडे च, ख, ग.”

इथेच बहुतेक मुलं अडतात. अक्षरं तीच, पण क्रम वेगळा. मी समजावायला तोंड उघडणार तेवढ्यात तिची आई म्हणाली, “सारखे कुठे आहेत? एक डावी बाही, एक उजवी.”

मुलगी तिच्याकडे बघत राहिली.

बाई पुढे म्हणाल्या, “नवीन शिकत होते तेव्हा दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या. मापं बरोबर, कापड बरोबर, पण एक बाही मुंढ्याला बसेचना. तेव्हापासून मी आधी कापडाची सुलट बाजू बघते, खडूने खूण करते, मग कात्री. यात सुलट बाजू कुठली?”

हाच तो प्रश्न! या कोड्यात छापलेली बाजू खोक्याच्या बाहेर ठेवायची असते. तीच सुलट. मग ख ला तुमच्या समोर धरा. च त्याच्या डोक्यावर आहे, तो मागे मुडपला की खोक्याचं वरचं पृष्ठ होतो. ग त्याच्या उजव्या हाताला आहे, तो मागे मुडपला की उजवं पृष्ठ. वर च, समोर ख, उजवीकडे ग: पर्याय तिसरा. चौथा म्हणजे त्याचं आरशातलं रूप. घडण उलट बाजूने दुमडली, अक्षरं आत गेली, तर तो होईल.

घाईत तपासायची रीत अशी: तीन चौकोन जिथे एका कोपऱ्याला भेटतात, तिथे पेन्सिलचं टोक ठेवा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाचा. घडणीत च, ग, ख असा क्रम येतो. तिसऱ्या पर्यायातल्या कोपऱ्याभोवतीही च, ग, ख. चौथ्यात येतो च, ख, ग. म्हणून तो बाद.

बाईंना मी म्हटलं, “तुम्हाला गणितातलं दिसत नाही म्हणालात ना?” त्या हसल्या. “हे गणित आहे होय? मला वाटलं बेतणं आहे.”

“दिसत नाही” म्हणजे काय?

हे सगळं मी एवढ्या विस्ताराने सांगते आहे, कारण “दिसतं त्यांना दिसतं” हे वाक्य मी कित्येक घरांत ऐकलं आहे, आणि मुलींच्या बाबतीत जरा जास्तच.

मनातल्या मनात खोका दुमडताना काय घडतं, याचा एक छान प्रयोग १९७२ साली अमेरिकेत रॉजर शेपर्ड आणि ख्रिस्टीन फेंग यांनी केला. लोकांना सहा चौकोनांच्या घडणी दाखवल्या. दोन कडांवर बाण काढलेले. खोका केल्यावर हे बाण एकमेकांना भेटतील का, एवढंच सांगायचं. आढळलं असं की बाण जुळवायला जितक्या जास्त घड्या लागत, तितका लोकांना वेळ जास्त लागे. म्हणजे ज्यांना “दिसतं” तेही एका क्षणात बघत नाहीत. तेही मनात एकेक घडी घालत असतात, हातानं घालावी तशी. आणि जे काम पायरी-पायरीने होतं, ते शिकता येतं.

ते खरंच शिकता येतं का, हेही तपासलं गेलं आहे. अमेरिकेतल्या मिशिगन टेक विद्यापीठात शेरिल सॉर्बी या प्राध्यापिकेने १९९३ पासून इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या, अशा चाचणीत कमी पडणाऱ्या मुलामुलींसाठी खास वर्ग चालवला. त्यात वस्तू फिरवून पाहणं, दुमडणं, कापणं, हाताने चित्र काढणं असा सराव. चाचणीत कमी पडणाऱ्यांत मुलींचं प्रमाण जास्त होतं. सरावानंतर त्यांचे गुण सुधारले. सॉर्बी स्वतः विद्यार्थिनी असताना ड्रॉइंगच्या विषयात अडखळल्या होत्या. पुढे २०१३ साली डेव्हिड अट्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सरावावरचे २१७ अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष हाच: आकार ओळखण्याची ही नजर सरावाने वाढते.

म्हणून घरी मूल म्हणालं “मला दिसत नाही”, तर “सोडून दे” म्हणू नका. कागद कापून हातात द्या. आधी हाताने दुमडू दे. मग दुमडण्याआधी अंदाज सांगू दे आणि नंतर दुमडून पडताळू दे. काही दिवसांनी कागद बाजूला ठेवा. घाई करून पहिली पायरी गाळली की मूल घोकायला लागतं, आणि आकृती जरा फिरवून विचारली की अडकतं.

थोडं दूरचं

या उलगडण्याचा इतिहास जुना आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्युररने १५२५ साली छापलेल्या भूमितीच्या पुस्तकात घनासारख्या आकारांच्या घडणी काढून दाखवल्या. आपल्याकडे टी. सुंदर राव यांनी १८९३ साली मद्रासमध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलं. हातात फक्त कागद, आणि त्यातून भूमितीच्या रचना!

आकार वाढला की घडणींचा आकडा कसा उसळतो पाहा. चार त्रिकोणांच्या चतुष्फलकाच्या घडणी फक्त २. घनाच्या ११. बारा पंचकोनांचा ठोकळा घेतला की ४३,३८०. आणि एक साधा प्रश्न अजून कोणालाही सुटलेला नाही: सपाट पृष्ठांचा, कुठेही आत न दबलेला कुठलाही ठोकळा कडांवर कापून, चौकोन-त्रिकोण एकमेकांवर न येऊ देता, एका तुकड्यात सपाट करता येतोच का? येत असावा असं वाटतं, पण सिद्ध झालेलं नाही.

या वेळची कोडी

१. (सगळ्यांसाठी) चार चौकोनांची आडवी रांग. पहिल्याच्या वर एक चौकोन, चौथ्याच्याही वर एक. घन होईल का?

२. (छोट्यांसाठी) फाशात समोरासमोरच्या ठिपक्यांची बेरीज नेहमी ७. घडणीत चौघांची रांग आहे, डावीकडून पहिले दोन १ आणि २. दुसऱ्याच्या वर ३. रांगेतले उरलेले दोन आणि खालचा कान यांवर किती ठिपके?

३. (मोठ्यांसाठी) पायऱ्यांची घडण: १ च्या उजवीकडे २, २ च्या खाली ३, ३ च्या उजवीकडे ४, ४ च्या खाली ५, ५ च्या उजवीकडे ६. कागद न कापता तिन्ही जोड्या सांगा.

४. (पुढच्या वेळेपर्यंत) झाकण नसलेल्या खोक्याला पाच चौकोन पुरतात. पाच चौकोनांचे एकूण १२ आकार होतात. त्यांतल्या ८ आकारांचा उघडा खोका होतो. ते आठ शोधा आणि प्रत्येकात तळाच्या चौकोनावर फुली मारा.

उत्तरं: १) नाही. दोन्ही कान एकाच बाजूला आहेत, ते एकमेकांवर बसतील आणि खालची बाजू उघडी राहील. २) तिसऱ्यावर ६, चौथ्यावर ५, खालच्या कानावर ४. ३) १–४, २–५, ३–६. तिन्ही वेळा दुसरा नियमच लागतो.

चौथ्याचं उत्तर पुढच्या वेळी. आमच्या गल्लीतल्या मुलीने आठपैकी सहा शोधलेत. उरलेले दोन तिच्या आईला सापडलेत म्हणे, पण ती सांगत नाही. “तुझं तू बेत,” म्हणते.